दीक्षाचा सत्कार

माझ्या भाचीचा, दीक्षाचा सत्कार झाला तेव्हा मी ड्यूटी बदलून घेतली आणि अकोल्याहून अमरावतीला गेले. पोरीनं बोर्डात नंबर काढला नव्हता की पळण्यात पदक मारलं नव्हतं. तिला पाळी आली होती. माझा भाऊ सुगत राहतो त्या कॉलनीत पोरीला पहिली पाळी आली की बाया जमतात, पोरीला पाटावर बसवतात, मामा साडी आणतो आणि सगळ्या जणी जेवून घरी जातात. पूर्वी याला ओटी भरणं म्हणत. पण आता घराघरांत भिंतीवर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा लावलेल्या, त्यांच्याखाली ओटी कशी भरणार? म्हणून महिला मंडळाच्या सत्यभामाकाकूंनी नारळ काढला, हळदकुंकू काढलं, साडी हिरवीची पांढरी केली, गुलाबाचं फूल ठेवलं आणि ओटीचा सत्कार केला. पाट तेवढा राहिला. मी म्हटलं, "काकू, पाटाचं काय करता आता?" तर म्हणाल्या, "पंचफुला, तू आपली गाडीतच घंटी वाजव."

मी एसटीत कंडक्टर आहे. अकोला डेपो, बहुतेक वेळा अकोला-अमरावती. तोंड माझं फटकळ, ते आधी होतं की नोकरीनं झालं ते आता आठवत नाही. तरुणपणी लग्न झालं आणि लगेच मोडलं. नवरा दारुडा होता, असं आमच्या घरी सांगतात. दीक्षालाही तेच सांगितलेलं.

कॉलनीत दीक्षा शेवटची होती. तिच्या बरोबरीच्या पोरींचे सत्कार झाले, तिच्याहून लहान पोरींचेही झाले. तिचा मामा नत्थुजी नांदगाव खंडेश्वरला असतो, हौशी माणूस. त्यानं निळ्या काठाची पांढरी साडी कधीची घेऊन ठेवलेली आणि फोन केला की आधी तेच विचारायचा. सत्यभामाकाकू तर दूध आणायला निघाल्या तरी फाटकातून डोकावायच्या, "माधवी, पोट्टीचं झालं का वं काई?" जशी काही यांची गाडी लागायची होती आणि ती लेट झाली होती. माधवी म्हणजे माझी भावजय, गरीब स्वभावाची. ती ओशाळून हसायची. शेवटी एकदाचा निरोप आला की झालं बाई, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पाटावर बसलेल्या दीक्षानं मान वर केली नाही. बाया म्हणाल्या, लाजली.

त्यानंतर दर महिन्याला तिचं पोट दुखायला लागलं. थोडंथोडकं नाही, पोरगी पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन पडायची, शाळा बुडायची. माधवी शेकायला गरम पाण्याची पिशवी द्यायची, ओवा द्यायची, गोळी द्यायची. "सगळ्यायचंच दुखते, बेटा," असं म्हणायची. सगळ्यांचं दुखतं हे वाक्य आमच्या बायकांच्या तोंडात इतकं बसलंय की एखादीचा पाय मोडला तरी म्हणतील, सगळ्यांचेच मोडतात.

दिवाळीच्या सुट्टीत दीक्षा माझ्याकडे अकोल्याला राहायला आली. तिचं काही बरं दिसत नव्हतं. एवढंसं खायची आणि पुरे म्हणायची. सारखी बाथरूमला जायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. सलवारीची नाडी सैल बांधायची. विचारलं की म्हणायची, "काई नाई, आत्या." सुट्टी संपली तशी मी तिला माझ्याच गाडीनं अमरावतीला घेऊन निघाले. पुढच्या सीटवर बसवलं, ड्रायव्हर गुलाम नबीभाईंच्या मागं. मी तिकिटं फाडून पुढं आले तर पोरगी कपाळ दांडीला टेकून बसलेली, आणि ओठ दातांत धरलेला.

मूर्तिजापूरच्या स्टँडवर ती उतरली, बायकांच्या मुतारीत गेली आणि रडतच बाहेर आली. "आत्या, लागली हाये, पन होतच नाई. सकाळपासून नाई झाली."

मी तिच्या पोटावर हात ठेवला. बेंबीखाली टणक लागलं, चक्क गोळा. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात तेच आलं जे तुमच्या मनात आलं असेल. मी तिला भिंतीकडे घेतलं आणि विचारलं, "दीक्षा, मले खरं सांग. कोनी काई केलं का तुले?"

तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं. "नाई आत्या. कोनीच काई नाई केलं."

आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला. पोरीच्या शब्दावर विश्वास ठेवायचा असतो, हे मी विश्वास न ठेवला गेल्यामुळे शिकले होते. गाडीत चढून गुलाम नबीभाईंना म्हटलं, "भाई, पोट्टीची तब्येत बरी नाई." ते म्हणाले, "तुम बैठो बाई, मी पाहतो." आणि मधल्या स्टॉपवर कोणी हात दाखवला नाही म्हणा की यांना दिसला नाही म्हणा, गाडी अमरावतीला वेळेआधी लागली. मी तिकिटाचं मशीन स्टँडच्या कंट्रोलरच्या टेबलावर ठेवलं, रिक्षा केली आणि माधवीला फोन करून डॉक्टर हमिदांच्या दवाखान्यात बोलावलं. बायकांच्या डॉक्टर, राजापेठेकडे बसतात. माझ्याच वयाच्या असतील.

त्यांनी आधी नळी घालून लघवी काढली. दीक्षाचा चेहरा जरा माणसात आला. तेवढ्यात माधवी धापा टाकत पोचली. डॉक्टर खुर्ची ओढून दीक्षाजवळ बसल्या.

"बेटा, मागची पाळी कधी आली होती?"

माधवीच बोलली, "आत्ताच आली ना, मॅडम. दर महिन्याले टायमावर येते. दुखते मात्र लय."

"मी तिला विचारते आहे."

दीक्षा वर पंख्याकडे पाहत राहिली. "नाई आली."

"या महिन्यात नाही?"

"कधीच नाई आली, मॅडम."

माधवी खाली बसलीच, त्या स्टुलावर. दीक्षा बोलायला लागली आणि मग थांबेना. सगळ्या मैत्रिणी विचारायच्या. काकू फाटकातून विचारायच्या. मामा फोनवर विचारायचा. आई कोणी विचारलं की खाली पाहायची. मग एका महिन्यात पोट खूप दुखलं, तिला वाटलं आता येईलच, आज नाही तर उद्या, म्हणून तिनं आईला सांगून टाकलं की आली. ती काही आली नाही आणि सत्कार मात्र झाला. त्यानंतर दर महिन्याला ती कपाटातून पॅड घ्यायची आणि कोरेच्या कोरे कागदात गुंडाळून फेकायची. दुखणं तेवढं खरं होतं, आणि त्या दुखण्याला घरातल्या सगळ्यांनी पाळी समजून शेक दिला होता.

माधवीनं तोंडाला पदर लावला. "मले सांगाचं तं होतं, बाई."

"कसं सांगू? तुमी सगळे ज्येवून गेले होते."

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी दीक्षाला विचारून, माधवीला तिच्या उशाशी उभं करून, फक्त बाहेरून बॅटरीनं पाहिलं. आत हात घालायची गरजच नाही म्हणाल्या. मग सोनोग्राफी केली. आणि मग आम्हा तिघींना समोर बसवून कागदावर पेननं गोल काढायला सुरुवात केली.

"योनीच्या तोंडाशी पातळ पडदा असतो. लोक समजतात तो डब्याच्या झाकणासारखा लावलेला असतो आणि लग्न झालं की फुटतो. तसं नसतं. तो कडेकडेनं असतो, मधे उघडंच असतं, म्हणून तर पाळी बाहेर येते. कोणाचा बांगडीसारखा गोल, कोणाचा चंद्रकोरीसारखा, कोणाच्या मधोमध पट्टी, कोणाला बारीक बारीक भोकं. कोणाचा जन्मापासून इतका थोडा की नसल्यासारखा. नाकं वेगवेगळी असतात ना आपली, तसंच. बहुतेकींना त्याचा आयुष्यभर काही त्रास होत नाही." मग त्यांनी एक गोल काढला आणि तो पेननं पूर्ण भरून टाकला. "आणि क्वचित एखादीचा असा असतो. पूर्ण बंद. दीक्षाचा असा आहे. पाळी तुला दर महिन्याला येतच होती, बेटा, तू अगदीच खोटं नव्हती बोललीस. फक्त बाहेर यायला वाट नव्हती. सगळं रक्त आत साचलं. तोच तो गोळा. त्यानंच लघवीची नळी दाबली."

दीक्षा कागदाकडे पाहत होती. "माह्यी काई चूक झाली का?"

"नाही. पोटात असतानाच तसा राहून गेला. सायकल नाही, खेळ नाही, खाणं नाही, कशाचाही संबंध नाही."

"मंग आता?"

"छोटं ऑपरेशन. भूल देऊन वाट मोकळी करायची. उद्या सकाळी करू, त्याआधी संमतीच्या कागदावर घरच्यांची सही लागेल. अजून थांबलं तर आत इजा होईल."

एवढ्यात सुगत आला. सुगत वाईट माणूस नाही हे आधीच सांगते, म्हणजे पुढं तुम्ही त्याच्यावर दात खाणार नाही. पाटबंधारे खात्यात क्लार्क, आवाज कधी चढवत नाही, बायकोला उलट बोलत नाही, पोरीच्या शाळेच्या गॅदरिंगला अर्धी रजा टाकून जातो. त्यानं डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं. मग रुमालानं मान पुसली आणि विचारलं, "मॅडम, म्हंजे पडदा कापा लागन?"

"हो."

"सुईनं नाई काढता येत का रक्त? न कापता?"

"नाही. सुईचं भोक बुजतं, रक्त पुन्हा साचतं आणि आत जंतू शिरतात. ते तर अजिबात करायचं नाही."

"गोळ्या?"

"गोळीनं दार उघडत नाही, साहेब."

"मंग येक करा. तुमी लिहून द्या. का बाप्पा हे ऑपरेशननं झालं, पोरगी चांगली हाये, असं. सही-शिक्क्यानं."

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं. "ऑपरेशन काय केलं ते कार्डावर येईलच. पोरगी चांगली आहे की नाही हे तपासायची सोय माझ्याकडे नाही. जगात कोणत्याच डॉक्टरकडे नाही. पाहून ते कळत नाही, कळतं म्हणणारा खोटं बोलतो."

सुगत म्हणाला, "मी उद्या सांगतो," आणि उठून बाहेर गेला.

मी त्याच्या मागं गेले. तो व्हरांड्यात खिडकीचे गज धरून उभा होता. खाली रस्त्यावर गिला वड्याच्या गाडीवर गर्दी होती. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, तुले तं माहीत हाये मी काहून म्हनून राहिलो."

मला माहीत होतं. आणि तुम्हालाही सांगते, कारण झाकून ठेवायचा मला कंटाळा आलाय. माझ्या सासूनं लग्नाच्या रात्री पांढरी चादर अंथरली होती. सकाळी ती पांढरीच होती. बस, एवढंच. सासूनं चादर उलटीसुलटी करून पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि नवऱ्यानं माझ्याकडे पाहणं बंद केलं. मी शपथा घेतल्या, रडले. कोणी माझं ऐकलं नाही, त्या चादरीचं ऐकलं. मला न्यायला सुगत आला. कॉलेजात होता तेव्हा. माझी पेटी खांद्यावर घेतली आणि त्या गावापासून अकोल्यापर्यंत त्यानं मान वर केली नाही. पुढं घरात ठरलं की नवरा दारुडा होता असं सांगायचं. तो बिचारा चहासुद्धा घेत नव्हता.

तर हा न्याय पाहा. आत्याच्या पडद्यानं साक्ष दिली नाही म्हणून ती परत आली. भाचीचा पडदा उघडायला तयार नाही म्हणून तिची लघवी बंद झाली. आणि भाऊ म्हणतो, पडदा सांभाळा. या एवढ्याशा कातडीनं आमच्या घरात किती वर्षं राज्य करायचं?

"माहीत हाये मले," मी म्हटलं. "तुह्या पोरीले माहीत नाई. चाल आत."

"ताई, नको. तिच्यासमोर नको."

"तिच्याचसमोर."

मी आत गेले. तो दारापर्यंत आला आणि तिथंच उभा राहिला. दीक्षा उशीला टेकून बसलेली, माधवी तिचे पाय चेपत होती, डॉक्टर नर्सला काही सांगत होत्या. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले, गाडीत तिकीट विचारते त्याच आवाजात बोलले, कारण दुसरा आवाज मला येत नाही. "दीक्षा, तुही आत्या काहून परत आली माहीत हाये का? नवरा दारुडा होता म्हून नाई. पह्यल्या रात्री माह्यं रक्त आलं नाई म्हून. त्यायनं ठरवलं का मी खराब हाओ. तुह्या बापाले भेव वाटते का उद्या तुलेबी असंच कोनी म्हनन. म्हून तो सही नाई करून राहिला."

मी डॉक्टरांकडे वळले. "मॅडम, येक सांगा. माह्यं काहून नसन आलं?"

त्यांनी नर्सला बाहेर पाठवलं. मग माझ्याकडे पाहून, लपवाछपवी न करता म्हणाल्या, "येतच नाही कित्येक जणींना. पडदा ताणला जातो, फाटतोच असं नाही. काहींना मुळात फारसा नसतो. रक्त आलं म्हणून काही सिद्ध होत नाही, नाही आलं म्हणूनही होत नाही. तुमच्यात काही कमी नव्हतं, ताई. नव्हतंच कधी."

मला रडू यायला पाहिजे होतं. मला राग आला. इतका राग आला की त्या सासूचं घर कोणत्या रूटवर आहे ते आठवलं. एवढं साधं वाक्य होतं, आणि ते सांगायला एकही माणूस मला तेव्हा भेटला नव्हता. ना आईला सुचलं, ना बापाला, ना मला. आम्ही सगळ्यांनी मिळून दारू शोधून काढली होती.

तेवढ्यात दीक्षा बोलली. रडत नव्हती. "पप्पा, तुमचा माह्यावर भरोसा हाये का?"

"हाये ना, बेटा. हे काय विचारनं झालं?"

"मंग माह्यावर ठेवा ना. त्या पडद्याले काहून विचारता?"

सुगत चौकट धरून उभा राहिला. मी त्याच्यावर अजून एक फैर झाडणार होते, पण माधवी उठली. पोरीचे पाय तिनं नीट चादरीखाली घातले आणि डॉक्टरांना विचारलं, "मॅडम, आईची सही चालते का?"

"चालते की. का नाही चालणार?"

आमच्या घरात गॅसच्या अर्जापासून शाळेच्या प्रगतिपुस्तकापर्यंत सही म्हणजे सुगतची, हे इतकं ठरलेलं होतं की मी, एसटीत सत्तर माणसांना दमात घेणारी बाई, तीसुद्धा इतका वेळ भावाशीच भांडत बसले होते. माधवीच्या मनात एवढा साधा प्रश्न आला. तिनं टेबलाशी उभं राहून सावकाश सही केली, पूर्ण नावाची, आणि पेन डॉक्टरांना परत दिला. नवऱ्याला म्हणाली, "तुमी तिच्यापाशी बसा. मी घरून तिचे कपडे आनतो." सुगत येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. आत नेलं न नेलं तोच झालंसुद्धा. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या की जुनं काळं रक्त पुष्कळ निघालं, काही दिवस थोडं थोडं येत राहील, घाबरायचं नाही. ताप आला, घाण वास आला किंवा पुन्हा दुखायला लागलं तर लगेच आणायचं. आणि खरं समाधान केव्हा, तर पुढची पाळी आपसूक, मोकळी आली की. क्वचित वाट पुन्हा आवळते, म्हणून तेवढी वाट पाहायची. दीक्षा शुद्धीवर आली, पोटावरून हात फिरवला, आणि खायची परवानगी मिळताच पहिली मागणी केली ती गिला वड्याची. सुगत स्वतः खाली जाऊन घेऊन आला.

पण एवढ्यानं माणूस बदलतो थोडाच! आम्ही घरी आलो तशा सत्यभामाकाकू फाटक उघडून आत येऊन बसल्या. "काय झालं पोट्टीले? कायचं ऑपरेशन?"

"अपेंडिक्स," सुगत म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की पाठ करून ठेवलं असावं.

मी तोंड उघडणार होते. दीक्षा पलंगावरून उठली, हळूहळू कपाटापाशी गेली, मामानं दिलेली पांढरी साडी काढली आणि काकूंच्या मांडीवर ठेवली. "अपेंडिक्स नाई, काकू. मले पाळी आलीच नव्हती. मी खोटी सांगितली होती, तुमी रोज विचारत होत्या म्हून. खाली पडदा बंद होता, आतच रक्त साचत होतं. थो डॉक्टरनं उघडला."

काकूंनी साडीकडे पाहिलं, सुगतकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे आमी ज्येवलो थे…"

"थे फुकट ज्येवल्या तुमी," मी म्हटलं.

"आत्या, थांब," दीक्षा म्हणाली. "काकू, आता कोनाचा सत्कार राह्यला कॉलनीत, तं येक करजा. पंधरा वर्सं झाले तरी जिले आली नाई, नाई तं पाळी न येता दर महिन्याले जिचं पोट दुखते, तिले विचारत नका बसू. तिले डॉक्टरकडे न्या. मले कोनी नेलं असतं तं येवढं दुखलं नसतं."

काकू साडी घेऊन गेल्या. चहा न घेता गेल्या, हे त्यांच्या हयातीत पहिल्यांदा घडलं. सुगत भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "सांगाची काय गरज होती? सगळ्या कॉलनीत होईन आता."

"होऊ दे," मी म्हटलं. "चादर अजून तुह्या डोक्यातच हाये, सुगत. ते कोनता डॉक्टर काढन?" मी दुपारच्या गाडीनं ड्यूटीवर गेले.

त्यानंतर आम्ही वाट पाहत होतो. आधी कॉलनीनं पाहिली होती, आता आम्ही पाहत होतो, पण कोणी पोरीला विचारत नव्हतं. दुखलं की दवाखाना, एवढं ठरलेलं. माधवी फोनवर हवापाण्याचं बोलायची आणि मी पण हवापाण्याचंच बोलायचे. सुगतशी माझं बोलणं जवळजवळ बंद होतं.

संत्र्याचे दिवस आले. त्या दिवशी अमरावती स्टँडवरून आमची गाडी भरून निघाली. मागं एक म्हातारी शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांची पिशवी घेऊन चढली होती, तिची पिशवी कुठं ठेवायची यावरून पोरांशी वाद सुरू होता. मी डबल बेल दिली, गुलाम नबीभाईंनी गाडी काढली. स्टँडच्या फाटकाशी येतो तोच कोणी तरी पत्र्यावर थापा मारायला लागलं. पाहिलं तर सुगत. ऑफिसच्या कपड्यांत, हेल्मेट हातात, स्कूटर तिकडं आडवी टाकलेली, गाडीच्या बाजूनं पळतोय. मला वाटलं, पोरीचं पुन्हा तुंबलं. मी दोरी ओढली. सिंगल बेल. गाडी थांबली.

मी दारात वाकले. "काय झालं रे? बोल लवकर!"

त्याला दम लागला होता. तो दाराचा दांडा धरून उभा राहिला, आणि माझा भाऊ, ज्यानं ऑफिसात कधी मोठ्यानं चहा मागवला नाही, तो सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडला, "ताई, आली! दीक्षाले पाळी आली! दुखलंबी नाई!"

पेपर वाचणाऱ्यानं पेपर खाली केला. मागच्या पोरांची पिशवीची कटकट थांबली. रस्त्यावरचा पानवाला बघत होता. सुगतलाही आपण काय ओरडलो ते कळलं असणार, कान लाल झाले होते त्याचे. पण मान खाली गेली नाही. माझ्याकडे, मग खिडक्यांतून पाहणाऱ्या त्या सगळ्या माणसांकडे त्यानं सरळ पाहिलं, आणि पुन्हा म्हणाला, जरा हळू, "मॅडमले फोन केला. त्या म्हने, चांगलं झालं."

मी वाकून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. हे माझ्या बाबतीत क्वचितच होतं.

"काय झालं वं, बाई?" मागून म्हातारीनं विचारलं.

"माह्या भाचीले पाळी आली," मी म्हटलं, तिकीट विचारायच्या आवाजात.

"मंग चांगलंच झालं की," म्हातारी म्हणाली. तिनं पिशवीत हात घातला, निवडून दोन संत्री काढली आणि पुढच्याच्या हातात दिली. त्यानं त्याच्या पुढच्याला दिली. पेपरवाल्यानंही हात पुढं केला. हातोहात ती संत्री दारापर्यंत आली, आणि मी वाकून सुगतच्या हातात ठेवली. "पोट्टीले दे म्हनाव," म्हातारी मागून ओरडली.

गुलाम नबीभाईंनी आरशात पाहिलं. "चलू का, बाई?"

सुगत हेल्मेटमध्ये संत्री ठेवून फाटकाशी उभा होता. मी डबल बेल दिली.